तिघांनी एकच भाव लिहिला तेव्हा

बेळगावच्या रविवार पेठेत आमचं भुसार मालाचं दुकान होतं. मिरगाच्या आधी वडील गोदामात गोळ्या लावायचे. ज्वारीच्या थप्पीवर ताडपत्री ओढायची, कडेनं वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, मग नाकाला पंचा बांधून ॲल्युमिनियमच्या डब्याचं झाकण फिरवायचं आणि कागदाच्या तुकड्यावर ठेवलेल्या गोळ्या झटकन ताडपत्रीखाली सरकवायच्या. हवेतली ओल लागली की गोळीतून विषारी वायू सुटतो, त्यात सोंडे-किडे मरतात. नासक्या लसणासारखा तो वास मला अजून आठवतो. दाराला कुलूप लावून वडील किल्ली स्वतःच्या कमरेला खोचायचे आणि आठवडाभर आम्हा पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे त्या औषधाचं नाव मला वकिली सुरू केल्यावर कळलं, आणि तेही एका निकालपत्रात.

गेल्या महिन्यात भाची घरी आली होती. टिळकवाडीच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिनं विचारलं, "मामा, व्यापाराच्या खटल्यांचा, कॉम्पिटिशन लॉचा न्यायाधीश नेमकं काय करतो ओ? खून नाही, दरोडा नाही, बांधाचं भांडण पण नाही. मग दिवसभर ऐकतो तरी काय?" मी तिला त्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. बोलता बोलता रात्रीचे अकरा वाजले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या शिकणाऱ्या मुलांना ती ठाऊक असावी असं मनापासून वाटतं, म्हणून लिहून काढतो आहे.

रेशनचं धान्य साठवणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला गोदामांसाठी या गोळ्या मोठ्या प्रमाणात लागतात आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या देशात अगदी मोजक्या होत्या. मे २००९ च्या टेंडरात एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑरगॅनिक केमिकल्स या तिघांनी बंद पाकिटातून दर भरले. पाकिटं उघडली तर तिन्हींत एकच आकडा होता, ३८८ रुपये. कारखाने वेगवेगळे, मालक वेगवेगळे, प्रत्येकाचा खर्चही वेगळा. तरी दर रुपयाचाही फरक न पडता जुळला होता.

आपल्याकडे कंत्राटदार मंडळींत याला 'रिंग' म्हणतात. रस्त्याचं काम असो की शाळेच्या बाकांचं, "या टेंडरला रिंग झालीय" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. कायद्याच्या भाषेत हेच कार्टेल. स्पर्धा कायदा २००२ च्या तिसऱ्या कलमात त्याला मनाई आहे. एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून भाव ठरवला, माल कमी काढायचं ठरवलं, गावं वाटून घेतली किंवा टेंडर आपसात फिरवलं, तर त्यानं बाजाराचं नुकसान झालं असंच कायदा धरून चालतो. नुकसान झालं नाही हे दाखवायची जबाबदारी त्या मंडळींवर येते. त्यात ते पैसे रेशनचे. सरकारी गोदामातल्या गोळीचा भाव फुगला तर त्याचा भार शेवटी तुमच्या-आमच्या करावरच पडतो.

महामंडळानं २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केली. आयोगाच्या महासंचालकांनी चौकशी केली आणि एप्रिल २०१२ मध्ये आयोगानं तिघांना दोषी ठरवलं. दंड होता आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या ९ टक्के. एक्सेलला ६३.९० कोटी, युनायटेड फॉस्फरसला २५२.४४ कोटी, संध्याला १.५७ कोटी. गुन्हा एकच, टेंडर एकच, दरही एकच. दंडात मात्र दीडशे पटींहून जास्त अंतर.

या अंतरावर भाची थबकली. तिथंच थबकायला हवं, कारण या न्यायाधीशांचं खरं काम इथून सुरू होतं.

युनायटेड फॉस्फरस शेकडो औषधं बनवणारी मोठी कंपनी. ही गोळी त्यातली एक. आयोगानं उलाढाल धरली ती सगळ्या मालाची. संध्या छोटी कंपनी, तिचा धंदाच मुख्यतः या गोळीचा. मी भाचीला आमच्या दुकानाचं उदाहरण दिलं. समजा दुकानाची वर्षाची उलाढाल एक कोटी आहे आणि त्यातला गूळ फक्त पाच लाखांचा. आजोबांनी शेजारच्या गूळवाल्याशी संगनमत करून गुळाचा भाव बांधला. शेजारी गुळाशिवाय काहीच विकत नाही, त्याचीही गुळाची विक्री पाच लाख. नऊ टक्के दंड सगळ्या उलाढालीवर लावला तर आपल्याला नऊ लाख आणि त्याला पंचेचाळीस हजार. गुळापुरताच लावला तर दोघांनाही पंचेचाळीस हजार. ज्वारी, तेल, मिरची यांत आपण कुणाला फसवलं नसेल तर त्यांच्या विक्रीवर दंड का? उलट बाजूही आहे. कोटीची उलाढाल असणाऱ्याला पंचेचाळीस हजार भरताना काही वाटणार आहे का? तो पुढच्या वर्षी परत तेच करणार नाही कशावरून?

कायद्यात नुसता 'उलाढाल' एवढाच शब्द होता. कुठली उलाढाल, हे लिहिलेलंच नव्हतं. अशा वेळी कुणाला तरी ठरवावं लागतं, आणि ज्याला ठरवावं लागतं त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी देशातले उत्तम वकील उभे असतात.

हे अपील गेलं स्पर्धा अपील न्यायाधिकरणाकडे. अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २९ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायाधिकरणानं संगनमत झाल्याचं मान्य केलं आणि नऊ टक्केही कायम ठेवले. फक्त ते टक्के त्या गोळीच्या उलाढालीवर लावले. एक्सेलचा दंड ६३.९० कोटींवरून २.९२ कोटींवर आला, युनायटेड फॉस्फरसचा २५२.४४ कोटींवरून ६.९४ कोटींवर.

कंपन्यांचं भलं झालं, असं वरवर वाचलं तर वाटेल. मला तसं वाटत नाही. त्याच न्यायाधिकरणानं, सिरपूरकर अध्यक्ष असतानाच, मे २०१४ मध्ये डीएलएफ या बांधकाम कंपनीवरचा ६३० कोटींचा दंड जसाच्या तसा ठेवला. गुडगावात घर घेणाऱ्या लोकांवर एकतर्फी अटी लादल्याचं ते प्रकरण होतं. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाच्या जोरावर समोरच्याला नाडणं हा गुन्हा, असं स्पर्धा कायद्याचं चौथं कलम सांगतं. १९६९ च्या जुन्या एमआरटीपी कायद्याचा भर उद्योग किती मोठा झाला यावर होता. नवा कायदा तो मोठा उद्योग वागतो कसा ते बघतो. म्हणजे एकाच खंडपीठानं एकीकडे कोट्यवधी कमी केले आणि दुसरीकडे रुपयाही सोडला नाही. न्यायाधीश कडक की मवाळ, यावरून या दोन निकालांची संगती लागत नाही. कुणी, कुठल्या मालात, किती नडला, हे मोजायचं काम होतं.

सिरपूरकरांची वाट पाहिली की या शाखेतला न्यायाधीश कसा घडतो ते दिसतं. १९६८ साली नागपुरात वकिली सुरू. १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९९७ मध्ये मद्रासला बदली, २००४ मध्ये उत्तराखंडचे मुख्य न्यायमूर्ती, २००५ मध्ये कलकत्त्याचे, जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, ऑगस्ट २०११ मध्ये निवृत्ती. स्पर्धा कायदा त्यानंतर. ज्या कायद्यातल्या निकालांसाठी मी त्यांचं नाव घेतो, त्याची मुख्य कलमं लागू झाली २० मे २००९ ला, म्हणजे त्यांच्या वकिलीच्या सुरुवातीनंतर चाळीस वर्षांनी. या विषयातल्या पहिल्या पिढीच्या कुठल्याही न्यायाधीशाला तो कॉलेजात शिकायला मिळालेला नाही. खून, जमीन, नोकरी, कर, करार असे सगळ्या तऱ्हेचे खटले ऐकत आयुष्य गेलं आणि पासष्टीच्या पुढे अर्थशास्त्रज्ञांचे अहवाल वाचायला बसायचं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

असा माणूस न्यायाधीशच हवा का, यावर आधी मोठा वाद झाला होता. आयोगाच्या प्रमुखपदी न्यायाधीश असावा की प्रशासनातला वा अर्थशास्त्रातला तज्ज्ञ, हा प्रश्न ब्रह्म दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जानेवारी २००५ मध्ये निकाल लागला आणि २००७ च्या दुरुस्तीनं वाट काढली गेली: चौकशी करून आदेश देणारा आयोग तज्ज्ञांचा, आणि त्याच्यावर न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचं अपील न्यायाधिकरण. २०१७ पासून ते काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलएटीकडे, गेलं. त्याच्यावर सर्वोच्च न्यायालय.

गोळ्यांचा खटलाही शेवटी तिथंच पोचला. ८ मे २०१७ ला न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि एन. व्ही. रमणा यांनी तो निकाली काढला. कंपन्यांचा एक मुद्दा तारखेचा होता. दर भरले ८ मे २००९ ला आणि कलम लागू झालं २० मेला, मग आम्हाला ते लागतंच कसं? न्यायालयानं सांगितलं की टेंडर म्हणजे फक्त पाकीट टाकणं नव्हे. पुढची सगळी प्रक्रिया २० मेनंतर चालू राहिली, तिचा परिणामही चालू राहिला, म्हणून कायदा लागतो. आणि दंडाच्या बाबतीत सिरपूरकरांच्या न्यायाधिकरणाचंच मोजमाप कायम केलं. दंड गुन्ह्याच्या प्रमाणात हवा, हे त्यामागचं तत्त्व.

इथवर ऐकून भाची म्हणाली, "खरं मामा, तिघांचा भाव सारखा आला म्हणजे लगेच गुन्हा झाला करून कसं म्हणायचं? आपल्या गल्लीत चहा सगळीकडं एकाच दराला मिळतो की."

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर त्याच न्यायमूर्ती सिक्रींच्या दुसऱ्या निकालात आहे, दीड वर्षाच्या आतला. इंडियन ऑइलनं २०१०-११ साठी १४.२ किलोच्या १०५ लाख गॅस सिलिंडरचं टेंडर काढलं. ५० कारखानदारांनी दर भरले आणि त्यांतले पुष्कळ दर एकसारखे किंवा अगदी जवळचे निघाले. टेंडरच्या तोंडावर काही कारखानदार मुंबईच्या हॉटेलात भेटलेही होते. आयोगानं दंड केला. वरवर गोळ्यांचाच खटला पुन्हा आल्यासारखा. पण १ ऑक्टोबर २०१८ ला सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी तो दंड रद्द केला.

फरक होता तो बाजाराच्या ठेवणीत. या सिलिंडरला देशात गिऱ्हाईकच जवळजवळ तीन: इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम. दुसऱ्या कुणाला तो माल विकताच येत नाही. आधीचे दर सगळ्यांना ठाऊक, आणि घासाघीस करून शेवटचा भाव ठरवण्याची ताकद घेणाऱ्याच्या हातात. अशा बाजारात कारखानदारांनी एकमेकांशी शब्दही न बोलता दर काढले तरी ते जवळपास येणार. पट्ट्यात एकच कारखाना असेल तर सगळ्या गाड्या एकाच दरानं ऊस घालतात, तेव्हा शेतकऱ्यांनी रिंग केली असं कुणी म्हणत नाही. सारखा भाव हा संशयाला जागा देतो. तो आपसातल्या बोलणीतून आला की बाजारानंच तिथं आणून सोडला, हे बाकीच्या पुराव्यावरून शोधावं लागतं. चहाचंही तसंच. शेजाऱ्याची पाटी बघून मी माझा दर ठेवला तर कायद्याला हरकत नाही. आम्ही दहा जणांनी बसून दर ठरवला आणि अकराव्याला तो पाळायला लावला, तर आहे.

न्यायमूर्ती भूषण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एनसीएलएटीचे अध्यक्ष झाले. गूगलवरचा अँड्रॉइड प्रकरणातला १,३३७.७६ कोटींचा दंड मार्च २०२३ मध्ये त्यांच्याच खंडपीठानं कायम केला. सिलिंडरपासून मोबाइलपर्यंत, एकाच माणसाच्या हाताखालून.

बाजार म्हणजे काय, तो कुठवर पसरलेला धरायचा, हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, आणि सीमाभागातल्या माणसाला तो पटकन कळतो असा माझा अनुभव आहे. निपाणीजवळ कोगनोळीच्या हद्दीवर उभं राहून बघा. दोन राज्यांच्या डिझेलच्या दरात चार रुपयांचा फरक पडला की ट्रकवाले स्वस्त बाजूचा पंप गाठतात. म्हणजे तिथल्या पंपवाल्याचा बाजार कर्नाटक किंवा महाराष्ट्र नाही, हद्दीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा हा त्याचा बाजार. न्यायाधीश हाच प्रश्न विचारतो: भाव थोडा वाढवला तर गिऱ्हाईक कुठं जाईल? जिथं जाऊ शकतं तिथवर बाजार.

उसाचं बघा. अथणी-कागवाडकडचा शेतकरी ऊस घेऊन किती लांब जाईल? तोडलेल्या उसाचं वजन आणि साखर तासागणिक उतरते, वाहतूक अंगावर पडते. त्यामुळे कागदावर देशात पाचशे कारखाने असले तरी त्याच्या दृष्टीनं बाजार म्हणजे ट्रॅक्टर पोचेल त्या अंतरातले दोन-तीन. शिवाय दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर असलं पाहिजे असा ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, महाराष्ट्रानं तर ते २५ किलोमीटर केलं. म्हणजे स्पर्धा किती असावी हे काही अंशी सरकारच ठरवतं. रंगराजन समितीनं २०१२ साली ही अंतराची अट आणि एकेका कारखान्यासाठी ऊसक्षेत्र राखून ठेवायची पद्धत दोन्ही काढून टाकायला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं परराज्यात ऊस पाठवायला बंदी घातली तेव्हा शेतकरी संघटना उठल्या आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. सीमेपलीकडचा कारखाना हा शेतकऱ्याच्या हातातला एकमेव पर्याय असतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. मला विचाराल तर उसाच्या भावाची निम्मी कथा त्या १५ किलोमीटरमध्ये आहे.

हे झालं स्पर्धा कायद्याचं. भाचीच्या प्रश्नाचा पहिला भाग, व्यापारी खटल्यांचा, तो आपल्या रोजच्या जास्त जवळचा. दुकानातलं कुठलंही जुनं बिलबुक उघडा. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं: 'सब्जेक्ट टू बेळगाव ज्युरिस्डिक्शन'. छापखान्यातला माणूस विचारतही नाही, आपोआप टाकतो. त्याचा अर्थ असा की भांडण झालं तर दावा बेळगावात चालेल. पण ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही त्याला नुसत्या छापील ओळीनं अधिकार मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच सांगितलं आहे. दोन-तीन कोर्टांना अधिकार असेल तर त्यांतलं एक निवडण्यापुरती ती ओळ कामाची.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीवाल्याचे पुण्याकडच्या एका कंपनीकडे बारा लाख अडकले असं समजा. पूर्वी हा दावा बाकीच्या दिवाणी दाव्यांच्या ढिगात जाऊन पडायचा. कमर्शियल कोर्ट कायदा २०१५ चा. सुरुवातीला तो एक कोटीच्या वरच्या तंट्यांसाठी होता, २०१८ मध्ये मर्यादा तीन लाखांवर आणली आणि आपल्यासारख्या गावांतले व्यापारी त्यात आले. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला बसावंच लागतं. ही अट सक्तीची आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पक्कं केलं. समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत प्रतिवादीनं कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही तर पुढे ती घेतली जात नाही. युक्तिवाद संपल्यावर ९० दिवसांत निकाल. साध्या दाव्यात तारखांवर तारखा बघितलेल्या वकिलाला हे वाचून आधी विश्वासच बसत नाही. मलाही बसला नव्हता. कैफियत द्यायला उशीर झाला म्हणून बचावच गेलेला अशील मी डोळ्यांनी बघितला आहे. त्याची बाजू खोटी नव्हती, पण १२० दिवस उलटून गेले होते.

या कोर्टात बसणारा न्यायाधीश वहीखात्यात रमणारा हवा. रोजमेळ, खतावणी, डिलिव्हरी चलन, जीएसटीचा ई-वे बिल नंबर, व्हॉट्सॲपवर पाठवलेली ऑर्डर, बँकेचा उतारा. हे सगळं एकमेकांशी जुळवून बघायचं. नुसत्या वहीतल्या नोंदीवरून कुणाला देणेकरी ठरवता येत नाही, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो, हा पुरावा कायद्यातला जुना नियम. आपल्या वह्या मराठीत, सही कधी कन्नडमध्ये, करार इंग्रजीत. तिन्ही भाषा कळणारा न्यायाधीश समोर असला की साक्षीदाराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे मी कोर्टात पुष्कळदा पाहिलं आहे.

मग भाचीनं तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती आली होती. "मी जाऊ शकते का तिथं?"

मी तिला खोटी आशा दाखवली नाही आणि घाबरवलंही नाही. खालच्या कोर्टात सिव्हिल जज म्हणून लागायचं तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. कर्नाटकच्या परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराची उत्तरपत्रिका असते, महाराष्ट्रात मराठी यावं लागतं. आपली मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलतात, पण कायदेशीर कन्नड लिहायचा सराव नसतो, तिथं मार्क जातात. तो आजपासून करायचा. दुसरी वाट म्हणजे सात वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा. तिसरी, उत्तम वकिली करत राहायची आणि कॉलेजियमनं, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळानं, नाव सुचवलं तर उच्च न्यायालय. तिन्ही वाटा पुढे व्यापारी खटल्यांपर्यंत जाऊ शकतात.

अंतराचा प्रश्न आता पूर्वीइतका नाही. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, अपिलं मुंबईला जायची. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड मागे, कोल्हापूर जिल्ह्यात राहिलं. नंतर कित्येक वर्षं आमच्या अशिलांना अपिलासाठी बंगळूर गाठावं लागायचं. २००८ मध्ये धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, आलं, २०१३ मध्ये ते कायमचं झालं. चंदगडच्या मंडळींसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. बेळगावचा व्यापारी आणि चंदगडचा काजूवाला यांचा एकमेकांशी रोजचा व्यवहार, पण दोघांची उच्च न्यायालयं वेगळी. दोन्हींची रीत माहीत असलेला वकील या पट्ट्यात लागतोच लागतो, आणि भाचीसारख्या मुलींना ती जागा मोकळी आहे.

इथल्या मातीतून कुणी वर गेलेलं नाही असंही नाही. न्यायमूर्ती प्रसन्न वराळे निपाणीत जन्मले. औरंगाबादला कायदा शिकले, २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. आणि के. के. वेणुगोपाल, जे पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले, ते भाचीच्याच कॉलेजात शिकले. तिला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मैत्रिणींना सांगितलं.

उलाढालीची गोष्ट मात्र २०१७ ला संपली नाही. २०२३ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि दंडापुरता 'उलाढाल' म्हणजे कंपनीची जगभरातली, सगळ्या मालाची उलाढाल असं लिहून टाकलं. मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मोजणी पुन्हा संबंधित मालापासूनच सुरू होते, त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत, पण कमाल मर्यादा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांची. म्हणजे न्यायालयानं दिलेलं माप पायाला राहिलं आणि संसदेनं छत उंच केलं. छोट्या गुन्ह्यासाठी अवाढव्य दंड होण्याची भीती त्यातून पुन्हा उभी राहते असं मला वाटतं. हे खटले उद्या ज्यांच्यापुढे येतील त्यांना सिरपूरकर-सिक्रींनी घातलेला हिशेब नव्यानं घालावा लागणार.

हे सगळं बोलून झालं त्याच आठवड्यात मला व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या बैठकीचं बोलावणं आलं. ठरावाचा मसुदा टाइप होऊन आला होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की एक तारखेपासून सर्व सभासदांनी एकाच दरानं माल द्यायचा आणि जो कमी दरानं देईल त्याला पाच हजार रुपये दंड. मनात कुणाच्या वाईट नव्हतं. मंदीत छोटे दुकानदार मरतायत, म्हणून केलेली ती सोय होती. मी त्यांना गोळ्यांची गोष्ट सांगितली, तीन पाकिटांची, ३८८ रुपयांची. हेही सांगितलं की स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायला स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही, कुणीही माहिती देऊ शकतो. आणि तुमच्यातलाच एखादा आधी जाऊन कबूल झाला तर त्याचा दंड माफही होऊ शकतो. गोव्यातल्या आणि आपल्या कर्नाटकातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांवर आयोगाचे आदेश झाले आहेत, ते त्यांच्यातल्या दोघांनी ऐकले होते.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अध्यक्षकाकांनी खिशातलं पेन काढलं, तिसऱ्या ओळीवर दोनदा आडवी रेघ मारली आणि कागद सेक्रेटरीकडे सरकवला. "चौथी वाचा," ते म्हणाले. चौथी ओळ गल्लीतल्या गटाराबद्दल होती.